भरतकाम करणाऱ्यांच्या घरातला मुलगा

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडलाय. ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून पाडून 23 वर्षांत पडलेला. आरीकाम करणाऱ्या बायकांना हे काम ठाऊक असतं. डिझाइन कागदावर काढायचं, रेषेरेषेवरून बारीक भोकं पाडत जायचं, कागद कापडावर ताणून ठेवायचा आणि वरून झिंक पावडरचा ओला बोळा फिरवायचा. पूर्वी पावडर रॉकेलमध्ये कालवायचो, आता रॉकेल मिळेनासं झालंय म्हणून टर्पेंटाइनवर भागवतो. कागद उचलला की कापडावर पांढऱ्या ठिपक्यांची वेल उमटलेली असते. आमच्यात याला नुसतं ‘छाप मारणं’ म्हणतात.

ऐरोलीत तळमजल्यावरच्या एका गाळ्यात माझा क्लास आहे. चार अड्डे, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटी, सात-आठ मुली, लग्नसराईत दोन कारागीर. ब्लाउजच्या पाठी, बाह्या, कधी शालू, कधी एखादा पदर. रीळ, मोती, कटदाणा आणायला मी ठाण्याला जांभळी नाक्यावर जाते. हे एवढं सांगायचं कारण असं, की गेल्या ऑक्टोबरात मी रोममध्ये जे पाहिलं, ते या बोटाच्या घट्ट्यामुळेच मला नीट दिसलं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सात-आठ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एक पदर मांडला होता. मधे घडा, घड्यातून वर निघालेली वेल, वेलीच्या वळणांत राघू. चार महिने खपले होते. परीक्षकबाईंनी पदर हातात घेतला, उलटा करून मागचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, “काम सुबक आहे हो, पण वेल जुन्या पैठणीवरून उचललीय. ही कारागिरी झाली, कला नाही.” मी काहीच बोलले नाही. घरी येऊन तो पदर घडी घालून कपाटात ठेवला, तो तिथेच आहे. ते वाक्य मात्र मी घडी घालून ठेवू शकले नाही.

माझी भाची रोममध्ये शिकते. जुन्या इमारती जपायच्या कशा, याचा तिचा अभ्यास. तिने आग्रहाने बोलावलं आणि पहिल्याच शनिवारी म्हणाली, “मावशी, आज स्वेटर घाल. जमिनीखाली जायचंय.”

कोलोसियमच्या समोरचा रस्ता ओलांडला की ओप्पियो नावाची टेकडी लागते. वर साधी बाग. झाडं, बाकं, कुत्री फिरवणारी माणसं. त्या बागेच्या खाली रोमन सम्राट नीरोचा राजवाडा आहे, दोमुस आउरेआ, म्हणजे सोन्याचं घर. आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात. काही पावलांतच हवा गार आणि ओलसर होते, आपल्याकडे जुन्या विहिरीत डोकावल्यावर अंगावर येते तशी.

इ.स. 64 च्या जुलैमध्ये रोमला मोठी आग लागली. शहराचे तेव्हा 14 विभाग होते, त्यांतले फक्त चार शाबूत राहिले असं टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. जळून मोकळ्या झालेल्या जागेवर नीरोने हा राजवाडा उठवला. दालनं, बागा, मळे, मध्यभागी तळं, आणि त्याचा स्वतःचा 120 फुटी पुतळा. बांधून झाल्यावर तो म्हणाला म्हणे, आता कुठे माणसासारखं राहता येईल. 68 मध्ये त्याने जीव दिला. मग पुढच्या सम्राटांनी त्याचं नाव पुसायचं मनावरच घेतलं. व्हेस्पाशियनने तळं आटवून तिथे कोलोसियम उभं करायला घेतलं. ट्रेजनने टेकडीवर सार्वजनिक स्नानगृहं बांधली, आणि त्यांना पाया हवा म्हणून खालच्या दालनांचे संगमरवरी पत्थर काढून घेऊन ती छतापर्यंत मातीने बुजवली.

बुजवली म्हणूनच वाचली.

आज दीडशेच्या आसपास खोल्या उरल्यात. एकातून दुसरीत, दुसरीतून लांबच लांब बोळात आम्ही चालत होतो. छत दहा-अकरा मीटर उंच. सोबतची मार्गदर्शक टॉर्च वर मारायची आणि त्या प्रकाशाच्या गोलात एकदम काहीतरी उगवायचं. बारीक काठीसारखा खांब, त्यावर टेकलेलं पाखरू. पाखराच्या शेपटीतून फुटलेली वेल. वेलीच्या टोकाला माणसाचं तोंड. अर्धी घोडी, अर्धी मासळी. सगळं हलकं, हवेत टांगल्यासारखं, आणि डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. मी मान वर करून मनातल्या मनात मोजत होते. बुट्टी, रिकामी जागा, बुट्टी, वळण. उजवीकडची वेल डावीपेक्षा किंचित बारीक होती. दोन हातांनी काम केलंय, मी भाचीला म्हटलं. एक माणूस अलीकडून, दुसरा पलीकडून, आणि मधे भेटलेत. आमच्या अड्ड्यावर अस्संच होतं.

या चित्रकारांपैकी एकाचं नाव प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलंय, फाब्युलस. तो दिवसातले थोडेच तास रंगवायचा आणि परांचीवरसुद्धा टोगा नेसूनच चढायचा. नीरोचं घर हा त्याच्या कलेचा तुरुंग ठरला असं प्लिनी म्हणतो, कारण त्याचं काम दुसरीकडे फारसं उरलंच नाही. तो पूर्ण पोशाखात परांचीवर चढायचा, हे मला फार आवडलं. माझ्या सासूबाई अड्ड्यावर बसण्याआधी अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसायच्या. कामापुढे नीट बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एका खोलीत डोळ्यांवर चष्मा चढवून मूळ राजवाडा कसा दिसत असेल ते दाखवतात. भिंतीची माती नाहीशी होते, दक्षिणेकडे ओवरी उघडते, पलीकडे हिरवीगार बाग आणि ऊन. ही दालनं अंधारी नव्हती, उन्हाकडे तोंड करून होती, हे तेव्हा कळलं. तरी मला त्या चष्म्यातले करकरीत रंग पटले नाहीत. मी दोन मिनिटांत तो काढला आणि खऱ्या भिंतीकडे वळले. आज तिथे बराचसा रंग उडालाय. वरच्या बागेचं पाणी झिरपतं, झाडांची मुळं आत शिरतात, भिंतींवर मीठ फुटतं. 2010 मध्ये वरच्या एका भागाचं छतच कोसळलं होतं. एका खोलीत परांचीवर एक तरुण मुलगी उताणी झोपून इवल्याशा बोळ्याने छताचा वीतभर तुकडा साफ करत होती. तिची मान कशी अवघडली असेल ते मला कळत होतं. आम्ही खालून गेलो, तिने पाहिलंही नाही.

आता मुख्य गोष्ट. 1480 च्या सुमाराला टेकडीच्या पोटात या पोकळ्या असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. कुणालाही ठाऊक नव्हतं की हा नीरोचा राजवाडा आहे. वाटलं, गुहा आहेत. आणि तेव्हाचे चित्रकार दोर बांधून, मशाली घेऊन त्या भगदाडांतून खाली उतरायला लागले. खोल्या मातीने छताजवळपर्यंत भरलेल्या होत्या. मी जे छत दहा मीटर खालून मान मोडून बघत होते, ते त्यांना नाकासमोर होतं. ते मातीवर रांगायचे, उताणे पडायचे, मशालीच्या उजेडात कागदावर उतरवून घ्यायचे. सोबत भाकरतुकडा, खारवलेलं मांस, सफरचंदं आणि दारू न्यायचे असं त्या काळच्या एका कवितेत आलंय. भोवती वटवाघळं, बेडूक. पिंटुरिक्कियोसारख्या चित्रकारांनी छतावर आपली नावं कोरून ठेवली.

दोन तासांसाठी नव्हे, पुन्हा पुन्हा जायचे. मला हे ऐकून बरं वाटलं असं म्हणणं कमी पडेल. मी त्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिले आणि भाचीला म्हटलं, “थांब जरा.”

कारण ते काय करत होते? छाप उतरवत होते. त्यांच्या आधी चौदाशे वर्षं कुणा कारागिरांनी काढलेली वेल, पान न पान मोजून, आपल्या वहीत उतरवत होते. इटालियनमध्ये गुहेला ‘ग्रोत्ता’ म्हणतात, म्हणून या नक्षीचं नाव पडलं ‘ग्रोतेस्के’, गुहेतली. 1502 मध्ये एका कार्डिनलने, म्हणजे चर्चच्या मोठ्या धर्माधिकाऱ्याने, सिएनामधल्या आपल्या ग्रंथालयाच्या सजावटीचं काम पिंटुरिक्कियोला दिलं, तेव्हा करारातच लिहिलं की छताला हल्ली ज्याला ग्रोतेस्के म्हणतात तशी नक्षी हवी. गिऱ्हाईक येऊन मोबाइलवर फोटो दाखवतं आणि ‘सेम अस्संच पाहिजे’ म्हणतं, त्यातलाच हा प्रकार. तो करारातला पाचशे वर्षांपूर्वीचा कार्डिनल मला एकदम ओळखीचा वाटला.

आणि या नक्षीला नावं ठेवणारेही अगदी पहिल्यापासून होते. नीरोच्याही आधी विट्रुव्हियस नावाच्या वास्तुतज्ज्ञाने तक्रार लिहून ठेवलीय, की हल्ली भिंतींवर खांबांच्या जागी बोरू काढतात, देठांतून अर्धी माणसं फुटतात, जे जगात नाही, असूच शकत नाही, ते रंगवतात आणि लोक खुश होतात. बोरू छताचा भार कसा पेलेल, असा त्याचा सवाल. मला विट्रुव्हियसचं म्हणणं समजतं, पण पटत नाही. वेलीला भार पेलायचा नसतोच. ती नजरेला धरून चालवते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे कुठे पडू न देता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅन्थिऑन या जुन्या रोमन देवळात गेलो. राफाएल या थोर चित्रकाराचं थडगं तिथे आहे. 1520 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी तो गेला. गर्दी त्याच्यापुढेच होती. भाचीने मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाली, “याच्या जवळच, याच देवळात आणखी एकाला पुरलंय. त्याने तशी इच्छाच सांगून ठेवली होती. मावशी, मी तुला त्याच्यासाठी इथे आणलंय.”

जोव्हान्नी. गाव उदिने, म्हणून जोव्हान्नी दा उदिने. जन्म 1487 चा. राफाएलच्या हाताखाली काम करायचा. पाखरं, प्राणी, फळं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. राफाएल त्याला घेऊन त्या गुहांमध्ये उतरला आणि तिथले रंग आणि उठावाची पांढरी नक्षी पाहून दोघं थक्क झाले, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहिलंय. जोव्हान्नी परत परत गेला. नक्षी उतरवून झाली, पण तो उठावाचा पांढरा गिलावा कशाचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. ती कृती हरवली होती. त्याने चुना आणि ज्वालामुखीची माती घालून पाहिली, काम खडबडीत आणि मळकट व्हायचं. मग त्याने पांढऱ्या संगमरवराचे तुकडे कुटले, वस्त्रगाळ पूड केली आणि ती पांढऱ्या ट्रॅव्हर्टिन दगडाच्या चुन्यात कालवली. जमलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा गिलावा पुन्हा हाताला लागला. व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या सज्जात, तेरा कमानींखाली बायबलमधले 52 प्रसंग आहेत, आणि त्यांच्याभोवती खांबाखांबांवर याच गुहेतल्या वेली, राघू, खारी, मासळ्या चढत गेल्यात. तो सज्जा सहसा बघायला मिळत नाही. भाचीने फोटो दाखवले.

“आणि याच्या घराण्याचं नाव काय होतं माहितीय?” ती म्हणाली. “रिकामातोरी. याच्या वाडवडिलांचं भरतकाम इतकं नावाजलेलं होतं, की लोक मूळ आडनाव विसरून त्यांना रिकामातोरीच म्हणायला लागले. रिकामो म्हणजे भरतकाम. भरतकाम करणाऱ्यांच्या घरातला मुलगा.”

मी तिथे खाली, बाकावर बसले.

नंतर तिने सांगितलं की ‘रिकामो’ हा शब्दही मूळचा अरबी ‘रकम’ या धातूवरून गेलाय, म्हणजे खूण करणं, कापडावर खूण करणं. आपल्याकडची ‘रक्कम’ त्याच धातूतली. मी रोज गिऱ्हाइकांना पावतीवर लिहून देते तो शब्द, आणि त्या मुलाचं आडनाव, दोन्ही एका मुळाचे. मला ते दिवसभर पुरलं.

त्याचं काम जवळून पाहायचं तर व्हिला फार्नेसिनाला जावं. नदीच्या पलीकडे, त्रास्तेव्हेरे भागात. आगोस्तिनो किजी नावाच्या सावकाराचा बंगला. तिथल्या सायकीच्या सज्जात देवदेवतांची चित्रं राफाएल आणि त्याच्या शिष्यांची, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या फळाफुलांच्या जाडजूड माळा जोव्हान्नीच्या. वनस्पती अभ्यासणाऱ्यांनी त्यांत दीडशेहून अधिक जाती ओळखल्यात. लोक देवांकडे बघत होते, मी माळांकडे. द्राक्षं, डाळिंबं, काकड्या, लसूण. आणि एका जागी चक्क मक्याचं कणीस. हे काम 1518 च्या सुमाराचं. कोलंबस 1492 मध्ये पलीकडे पोहोचला, म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांत कणीस रोमच्या छतावर होतं. जोव्हान्नीने नुसती गुहेतली वेल उतरवली नाही, बाजारात नव्याने आलेली भाजीही त्याने तितक्याच बारकाईने पाहिली. ऐरोली स्टेशनबाहेर पावसाळ्यात निखाऱ्यावर कणसं भाजतात, तेव्हा हल्ली मला ती माळ आठवते.

आणखी एक: मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात राफाएलच्या ‘अथेन्सची शाळा’ या भिंतीचित्राचा मूळ आकाराचा कागदी आराखडा आहे. तो आराखडा रेषेरेषेवरून सुईने टोचलेला आहे. भोकं पाडायची, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटायची, भिंतीवर ठिपके उमटायचे. मी मिलानला गेले नाही. पण भाचीने त्याचा मोठा फोटो संगणकावर उघडला, एका माणसाच्या खांद्यावर नेला आणि मोठा, आणखी मोठा केला. भोकं दिसली. सारख्या अंतरावर, जिथे वळण आहे तिथे जवळजवळ, सरळ रेषेत थोडी लांब. मीही तशीच पाडते. कुणी शिकवलं नव्हतं, वळणावर ठिपके लांब पडले की वळण मोडतं हे हाताला आपोआप कळतं.

परीक्षकबाईंचं वाक्य मला तेव्हा आठवलं. त्यांच्यावर आता राग नाही. पण त्या चुकल्या होत्या, हे मला आज ठामपणे म्हणायचंय. वेल कुणाच्या मालकीची नसते. ती ज्याच्या हातून जाते त्याला तिची सेवा करावी लागते, आणि सेवा म्हणजे जवळ जाणं. मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करून छाप मारली तर ती नक्कल. मातीत उताणं पडून, मशाल धरून, पानाची प्रत्येक कातर मोजून उतरवली तर तोच हात पुढे मक्याचं कणीस काढू शकतो. माझ्या राघूंच्या पदराला मी चार महिने दिले होते, पण ती पैठणी प्रत्यक्ष हातात धरून पाहिली नव्हती. मासिकातल्या चित्रावरून वेल घेतली होती. माझी उणीव होती ती इथे, आणि ती मला कुणी दाखवली नव्हती.

म्हणून फेब्रुवारीत एका रविवारी मी क्लासच्या पाच मुलींना अंबरनाथला घेऊन गेले. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून लोकल. शिलाहारांनी बांधलेलं शिवमंदिर, शिलालेख 1060 चा, सगळा काळा दगड. या मुली ठाणे जिल्ह्यात वाढल्या, पण पाचपैकी चौघींनी ते देऊळ पाहिलेलंच नव्हतं. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला खाली पायऱ्या उतराव्या लागतात आणि वरून उजेड येतो. मी पहिली उतरले. मग वर येऊन सांगितलं, मोबाइल पिशवीत ठेवा, भिंतीला हात लावायचा नाही, वही काढा, आणि प्रत्येकीने वीतभर जागा निवडा. वीतभरच.

ऊन चढत होतं. दोघी हत्तींच्या थराजवळ बसल्या. एक कीर्तिमुखापाशी गेली, तोंडातून वेल ओकणारं ते तोंड तिला बघताक्षणी आवडलं. सर्वांत धाकटी मुलगी दिघ्याची, तिचे वडील रिक्षा चालवतात. तिने कोपऱ्यातली एक साधी पानांची पट्टी घेतली. अर्ध्या तासाने तिने मला हाक मारली.

“मॅडम, हे जसंच्या तसं काढायचं, की आपलं काही घालायचं?”

“आधी पानं मोज.”

तिने पेन्सिलीच्या टोकाने हवेत मोजली. मग म्हणाली, सहा पानं डावीकडे वळतात, सातवं उजवीकडे वळलंय. तिथे दगडात एक खळगा होता. मूळचाच असावा, कारण पान त्याला वळसा घालून गेलं होतं. छिन्नी तिथे थांबली असणार, मग वळली असणार. मी तिच्या शेजारी बसले, दोघींनी पुन्हा एकदा पट्टी पहिल्यापासून पाहिली. तिचं बरोबर होतं.

तिने सातवं पान उजवीकडे वळवूनच काढलं. पुढच्या आठवड्यात तीच पट्टी एका बाहीवर छापायला घेतली. कापड सपाट, खळगा कुठेच नाही. मी काही बोलले नाही. ती सुई घेऊन भोकं पाडत सहाव्या पानापर्यंत आली, थांबली, कागद उजेडाला धरून पाहिला, आणि सातवं पान उजवीकडे घेतलं.